पहिल्या प्रक्रियेचा पुनर्विचार आणि परतीचा मार्ग : एका तांत्रिक निबंधाची समीक्षा

प्रास्ताविक

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत यंत्रात जे घडते, त्याकडे वापरणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. ते घडले नाही म्हणजेच त्याची आठवण होते. युनिक्स कुळातील कार्यप्रणालींत हा सारा कारभार एका प्रक्रियेकडे सोपविलेला असतो. कर्नल स्मृतीत स्थिरावला की तो वापरकर्त्याच्या बाजूची एकच प्रक्रिया स्वतः सुरू करतो. तिचा क्रमांक १. पुढच्या सर्व सेवा, सर्व खिडक्या, सर्व आज्ञा या तिच्या लेकी-नाती होत. एखाद्या प्रक्रियेची जन्मदात्री आधीच संपली तर ती पोरकी प्रक्रिया सामान्यतः क्रमांक १ कडेच दत्तक जाते, आणि मृत झालेल्या प्रक्रियांची शेवटची नोंद मिटविण्याचे कामही तिच्याच वाट्याला येते. ती स्वतः संपली तर कर्नल हात टेकतो व यंत्र थांबते. या जागी जी आज्ञावली बसते तिला परंपरेने ‘इनिट’ म्हणतात.

या जागेवर कोणी बसावे यावरून गेल्या दीड दशकात जेवढा वाद झाला तेवढा लिनक्सच्या दुसऱ्या कोणत्याही घटकावरून क्वचितच झाला असेल. त्या वादाचा आरंभबिंदू म्हणून एका निबंधाकडे बोट दाखविता येते. लेनार्ट पॉटरिंग यांनी ३० एप्रिल २०१० रोजी प्रसिद्ध केलेला ‘रीथिंकिंग पीआयडी १’ हा तो निबंध होय. ‘सिस्टमडी’ या आज्ञावलीची ती जाहीर ओळख होती. प्रस्तुत लेखात या निबंधाचे वाचन आज्ञावलीची जाहिरात म्हणून नव्हे, तर पूर्वसुरींच्या कामावरील टीका म्हणून केले आहे, कारण तो मुळात टीकालेखच आहे.

निबंधाचा आशय

निबंधाचे लक्ष्य होते ती व्यवस्था सिस्टम फाइव्ह युनिक्सकडून, म्हणजे १९८० च्या दशकातून, आलेली. मॉरिस बाख यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध ग्रंथात तिचे वर्णन आहे आणि संगणकशास्त्राच्या अनेक पिढ्यांनी ते तेथेच वाचले. ‘इनिटटॅब’ नावाच्या एका फाइलीत यंत्राने कोणत्या ‘रनलेव्हल’ला जावे हे लिहिलेले असते. प्रत्येक रनलेव्हलसाठी एक निर्देशिका असते आणि तीत सेवांच्या शेल स्क्रिप्टांकडे नेणारे दुवे असतात. दुव्याच्या नावातील पहिले अक्षर सेवा सुरू करावयाची की मारावयाची हे सांगते, त्यापुढचे दोन अंक क्रम सांगतात. वीस क्रमांकाची सेवा संपूर्ण उभी राहिल्यावर एकवीस क्रमांकाची. लग्नाच्या पंगतीत एकाच वाढप्याने एका पानावर सगळे पदार्थ वाढून झाल्यावरच दुसऱ्या पानाकडे वळावे, तसा हा प्रकार. तो समजावयास सोपा आहे, आणि मंद आहे.

या व्यवस्थेला पर्याय शोधणारे पॉटरिंग हे पहिले नव्हेत. २००० मध्ये नेटबीएसडीच्या १.५ आवृत्तीने अंकांचा क्रम काढून टाकला व प्रत्येक स्क्रिप्टने आपण काय पुरवितो आणि आपल्याला काय लागते हे मथळ्यात सांगावे, क्रम यंत्राने लावावा, अशी पद्धत आणली. २००५ मध्ये सोलारिस १० मध्ये ‘एसएमएफ’ आणि अॅपलच्या टायगर या आवृत्तीत ‘लाँचडी’ आले. २००६ मध्ये उबुंटूने स्कॉट जेम्स रेमनंट यांचे ‘अपस्टार्ट’ स्वीकारले. पॉटरिंग या पूर्वसुरींची दखल घेतात, आणि आपली मध्यवर्ती कल्पना लाँचडीकडून व त्याही आधीच्या ‘इनेटडी’कडून घेतल्याचे मोकळेपणाने मान्य करतात. तांत्रिक लेखनात हा प्रामाणिकपणा वाटतो तितका सुलभ नाही.

ती कल्पना अशी. एक सेवा दुसरीवर अवलंबून आहे असे म्हटले जाते तेव्हा वस्तुतः ती दुसऱ्या सेवेच्या ‘सॉकेट’ची, म्हणजे निरोप घेण्याच्या दाराची, वाट पाहत असते. मग सगळी दारे आधीच का उघडून ठेवू नयेत? रेल्वे स्थानकावर तिकीट खिडकी असली की कारकून येण्यापूर्वीच रांग लागते आणि तो आल्यावर रांग सरकू लागते. खिडकीच नसेल तर मात्र कारकून येईपर्यंत कोणी उभेच राहू शकत नाही. क्रमांक १ ने सर्व खिडक्या आरंभीच बांधाव्यात, सर्व कारकुनांना एकदम बोलवावे, आणि दरम्यान आलेले निरोप कर्नलने सांभाळून ठेवावेत. क्रम लावण्याची चिंता बव्हंशी मिटते. ज्या सेवेकडे कोणीच फिरकले नाही ती तर सुरू करण्याचीही गरज उरत नाही. कमी सुरू करा, आणि जे करावयाचे ते एकत्र करा, असे निबंधाचे सूत्र थोडक्यात सांगता येईल.

निबंधाचे बळ

समीक्षेच्या दृष्टीने या निबंधातील सर्वांत भक्कम भाग कल्पनेचा नसून मोजदादीचा आहे. शेल स्क्रिप्टा मंद आहेत असे नुसते म्हणून पॉटरिंग थांबत नाहीत. स्वतःच्या यंत्रावरील आरंभ-स्क्रिप्टांत ‘ग्रेप’ किमान ७७ वेळा, ‘ऑक’ ९२ वेळा, ‘कट’ २३ वेळा आणि ‘सेड’ ७४ वेळा बोलाविले जाते असे ते मोजून दाखवितात. प्रत्येक वेळी एक नवी प्रक्रिया जन्मते, ग्रंथालये जोडते, चार अक्षरे कापते आणि मरते. ग्रंथसमीक्षक एखाद्या कादंबरीतील ठराविक विशेषणांची गणती करून शैलीचा दोष दाखवितो, त्या जातीचे हे काम आहे. प्रतिपक्षाचा मजकूर वाचून त्याच्याच शब्दांनी त्याला अडविणे यापरती प्रामाणिक टीका नाही.

दुसरे बळ देखरेखीच्या चर्चेत आहे. जुन्या पद्धतीत सेवा स्वतःला दोनदा दुभंगून जन्मदात्रीपासून तुटून जाते. तिचा क्रमांक एका फाइलीत लिहिलेला असतो एवढाच काय तो धागा. फाइल शिळी झाली तर ‘थांब’ ही आज्ञा भलत्याच प्रक्रियेला जाऊन बसते. कर्नलमधील ‘सीग्रुप’ या सोयीने प्रत्येक सेवेच्या साऱ्या संततीला एका कुंपणात ठेवता येते हे निबंधाने दाखविले, आणि तेथे त्याचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. अर्थात हाच दोष डॅनियल बर्नस्टाइन यांच्या ‘डेमनटूल्स’ने आणि त्यातून निघालेल्या ‘रनिट’ने शेल न सोडताही बराच दूर केला होता. सेवेने तुटून जायचेच नाही, देखरेख करणाऱ्या प्रक्रियेची लेक म्हणूनच नांदायचे, एवढा नियम घातला की तीन-चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. तेव्हा शेल ही भाषा दोषी नव्हती, तीत काय काय लिहिले गेले ते दोषी होते, अशी दुरुस्ती निबंधाला सुचवावी लागते.

भारनियमनाच्या गावातून वाचन

सिस्टमडीच्या विरोधकांचा एक आवडता आक्षेप असा की, सर्व्हर वर्षातून एकदा बंद होतो, तो दहा सेकंदांत उठला काय नि साठ सेकंदांत उठला काय, फरक कोणास पडतो? हा आक्षेप अखंड वीज असलेल्या प्रदेशात सुचलेला आहे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन तासन्तास चाले. परभणी जिल्ह्यातील पूर्णा या गावासारख्या ठिकाणी यंत्र दिवसातून अनेकदा उठते आणि अनेकदा आडवे पडते असेच गृहीत धरावे लागे. ज्या ग्रंथालयात ‘कोहा’ ही मुक्त आज्ञावली डेबियनवर चालते तेथे पुस्तक देण्याघेण्याच्या मेजासमोर विद्यार्थी उभे असतात, आणि माहितीसाठ्याची सेवा व अपाचे हा जालसेवक उभे राहिल्याशिवाय एकही पुस्तक नोंदविता येत नाही. येथे आरंभाचा वेग ही चैनीची बाब नाही. पॉटरिंग यांनी आपल्या बाजूने हे उदाहरण दिलेले नाही, पण त्यांच्या म्हणण्याला ते डेटा सेंटरपेक्षा अधिक बळ देते.

तथापि याच गावातून निबंधाची दुसरी बाजूही दिसते. वीज अचानक गेली की पुढच्या आरंभी डिस्कची तपासणी होते व कधी कधी आरंभ अडतो. तो अडला की जवळ कोण असते? ग्रंथपाल, प्रयोगशाळा साहाय्यक, फार तर संगणकशास्त्राचे एखादे प्राध्यापक. जुन्या व्यवस्थेत त्यांना किमान वाचता येईल असा मजकूर समोर असे. स्क्रिप्ट कितीही ओबडधोबड असली तरी ती उघडून, मध्ये एक ओळ घालून, अडते कोठे हे पाहता येई. नव्या व्यवस्थेत सेवेचे वर्णन आठ-दहा ओळींचे आणि खरोखर सुवाच्य झाले, परंतु त्या वर्णनाचा अर्थ लावणारी यंत्रणा संकलित आज्ञावलीच्या पोटात गेली आणि नोंदवही वाचण्यासही ‘जर्नलसीटीएल’ हे वेगळे साधन लागू लागले.

याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. ‘एफएसटॅब’ या फाइलीत कोणत्या डिस्का कोठे जोडावयाच्या ते लिहिलेले असते. प्रयोगशाळेत दुसरी डिस्क काढून नेली जाते आणि तिची ओळ फाइलीत तशीच राहते, ही गोष्ट नित्याची. जुनी व्यवस्था अशा वेळी एक तक्रार छापून पुढे जाई. सिस्टमडी मात्र त्या डिस्कची सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते आणि ती न आल्यास यंत्राला आणीबाणीच्या अवस्थेत नेऊन मूळ वापरकर्त्याचा परवलीचा शब्द मागते. डेबियन ८ च्या प्रकाशन-टिपणांत हा बदल स्पष्ट नोंदविलेला आहे आणि ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द घातला की प्रश्न मिटतो. तर्काच्या दृष्टीने नवी वागणूकच बरोबर आहे, कारण जी डिस्क हवी म्हणून लिहिले ती नसताना पुढे जाणे हा निष्काळजीपणाच. पण ज्याने आवृत्ती बदलली तो, ज्याने डिस्क काढली तो आणि सकाळी यंत्रासमोर उभा असलेला तो, हे तिघे वेगवेगळे असतात. प्रकाशन-टिपण तिघांपैकी एकानेच, आणि बहुधा तिसऱ्याने नव्हे, वाचलेले असते.

प्रवेशद्वारे अनेक, परतीचे एकही नाही

निबंधाची खरी उणीव येथे सुरू होते. आपली आज्ञावली जुन्या जगाशी किती जमवून घेते हे त्यात आवर्जून सांगितले आहे. ती सिस्टम फाइव्हच्या स्क्रिप्टा चालविते, त्यांच्या मथळ्यांतील अवलंबित्व वाचते, एफएसटॅब वाचते, जुन्या इनिटशी बोलण्याची नळीदेखील ऐकते. येणाऱ्यासाठी सारी दारे उघडी ठेवलेली आहेत. मात्र आलेल्याला परत जावयाचे असल्यास काय करावे, याविषयी निबंध मौन पाळतो. आरंभ-व्यवस्थेची समीक्षा करताना ती किती चांगली सुरू होते एवढेच विचारून भागत नाही. ती किती सहज सोडता येते हेही विचारावे लागते. क्रमांक १ ची जागा एकच असल्याने हा प्रश्न इतर आज्ञावलींपेक्षा येथे अधिक तीव्र आहे. दोन संपादक-आज्ञावली एका यंत्रावर सुखाने नांदतात, परंतु चालू यंत्रात क्रमांक १ एकच असतो.

पूर्णा गावाला या प्रश्नाचा वेगळ्या क्षेत्रातला अनुभव आहे. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग झाला, आणि १९१२ मध्ये पूर्णा येथून हिंगोलीकडे फाटा निघाला. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला, अकोल्याकडचा मात्र २००८ मध्ये. मधली काही वर्षे पूर्णा हे दोन रुंदींच्या सांध्यावरचे जंक्शन होते. एकीकडे १६७६ मिलिमीटर, दुसरीकडे १०००. माणूस उतरून फलाट बदलतो, पण डब्याला फलाट बदलता येत नाही. त्याच फाट्याच्या उत्तर टोकाला मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून रूळ रुंद करावेत की वळवावेत हा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला, तेव्हा जुनी गाडी बंद आणि नवी सुरू नाही अशी अवस्था त्या भागाच्या वाट्याला आली. रुंदीकरण चूक होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा हिशेब नव्या गाडीच्या वेगावरून पुरा होत नाही, हे सांध्यावर राहणाऱ्याला ठाऊक असते.

आरंभ-व्यवस्था बदलताना सांध्यावर काय होते? डेबियनमध्ये सिस्टमडीवरून जुन्या इनिटकडे जाण्यासाठी ‘सिसव्हीइनिट-कोअर’ हा संच बसविला की ‘सिस्टमडी-सिसव्ही’ हा संच निघून जातो आणि इनिट हे नाव डिस्कवर दुसऱ्या आज्ञावलीचे होते. स्मृतीत मात्र जुनीच क्रमांक १ जिवंत असते. त्या क्षणी यंत्र बंद करण्याची आज्ञा नव्या घराण्याची आणि ती ऐकणारी प्रक्रिया जुन्या घराण्याची असते. त्या दोघांना एकमेकांची बोली कळते की नाही ही पहिली कसोटी. पुढच्या आरंभी कळते की कोणत्या सेवा सुरू व्हाव्यात याची यादी दोन्ही व्यवस्थांत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या प्रकारच्या दुव्यांत ठेवलेली आहे. सिस्टमडीच्या टायमरवर सोपविलेली नित्याची कामे पुन्हा ‘क्रॉन’कडे द्यावी लागतात. चित्रमय पडदा वापरणाऱ्याला ‘लॉगिनडी’ची उणीव भासते आणि त्या जागी तिच्यातूनच वेगळी काढलेली ‘ईलॉगिनडी’ बसवावी लागते. म्हणून शहाणा माणूस आधी जुने न काढता बूटलोडरमध्ये कर्नलला ‘इनिट’ या नावाने दुसरा मार्ग देऊन एकदा चालवून पाहतो. २०१३ च्या डेबियन ७ मध्ये सिस्टमडी अशीच चाखून पाहता येत असे, आणि २०१५ च्या डेबियन ८ ने उलट दिशेने जुन्या इनिटची एक प्रत राखीव ठेवून आरंभाच्या यादीत तिची नोंद दिली होती. संक्रमणाचा हा भाग डेबियनने निबंधापेक्षा अधिक जाणतेपणाने हाताळला असे म्हणावे लागेल.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. सेवेचे वर्णन म्हणून सिस्टमडीची युनिट फाइल ही स्क्रिप्टेपेक्षा अधिक वाहून नेण्याजोगी आहे. कोणती आज्ञा, कोणाच्या नावाने, कशानंतर, पडल्यास पुन्हा उठवावी की नाही हे त्यात विधानरूपाने असते, आणि विधानाचे भाषांतर कृतीच्या भाषांतरापेक्षा नेहमीच सोपे. यावरून परतीचा मार्ग सुकर व्हावयास हवा होता. परंतु प्रकल्पाने आपल्या अंगणात एकेक शेजारी ओढून घेतला. उपकरणांची नोंद ठेवणारी ‘यूडेव्ह’ २०१२ मध्ये त्यात विलीन झाली, लॉगिन, नोंदवही, जाळे हेही त्यात आले. सोडून जाणे कठीण झाले ते वर्णनामुळे नव्हे, या गोतावळ्यामुळे. पॉटरिंग यांच्या निबंधात जी आज्ञावली दिसते ती आणि पुढे जी वाढली ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टीकाकारांनी अनेकदा दुसरीचा राग पहिलीवर काढला आहे.

निर्णय कोणाचा?

फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या आठ सदस्यांच्या तांत्रिक समितीत सिस्टमडी आणि अपस्टार्ट यांत बरोबरी झाली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडली गेली. त्यानंतर उबुंटूनेही अपस्टार्टची वाट सोडली. नोव्हेंबर २०१४ मध्ये काहींनी ‘देवुआन’ ही वेगळी चूल मांडली, तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१७ मध्ये आली. डिसेंबर २०१९ च्या मतदानात डेबियनच्या सदस्यांनी सिस्टमडी हीच मुख्य व्यवस्था ठेवून पर्यायांच्या शोधाला मुभा देण्याचा मार्ग निवडला.

या मतांच्या घरंगळणीत भारतीय वाचकाला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सीडॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. कोहाचे अधिकृत संचही डेबियनसाठी बांधले जातात. म्हणजे आठ जणांच्या समितीतील एका मताचे परिणाम शासकीय कार्यालये आणि महाविद्यालयीन ग्रंथालये यांच्यापर्यंत ओघानेच पोचतात, आणि तेथील कोणाला त्याविषयी विचारलेले नसते. यात कट वगैरे शोधण्याचे कारण नाही, कारण मुक्त आज्ञावलीत काम करणारा निर्णय घेतो हा रास्त नियम आहे. परंतु या नियमाचा दुसरा अर्थ असा की, जेथे केवळ वापर होतो तेथे परतीचा मार्ग हाच एकमेव अधिकार उरतो. तो मार्ग खुला राहणे ही चवीची बाब राहत नाही.

अध्यापनाच्या बाजूने पाहता नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. रेड हॅटची व्यापारी आवृत्ती २०१४ मध्ये आणि डेबियन व उबुंटू २०१५ मध्ये सिस्टमडीकडे गेल्यावरही पाठ्यपुस्तकातील रनलेव्हलचा तक्ता पाठ करणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत इनिटटॅब शोधतो आणि त्याला ती सापडत नाही. तक्ता वगळून फक्त ‘सिस्टमसीटीएल’च्या आज्ञा शिकविल्या तर तो अल्पाइनच्या किंवा व्हॉइडच्या यंत्रासमोर, म्हणजे ओपनआरसी किंवा रनिटसमोर, तितकाच गोंधळतो. एकाच यंत्रावर एकच छोटी सेवा तीन पद्धतींनी लिहून घेणे, आणि बूटलोडरमधून क्रमांक १ ची जागा बदलून तिन्ही चालविणे, हे प्रात्यक्षिक एका दुपारी होण्यासारखे आहे. त्यातून क्रमांक १ काय करते आणि काय करणे तिच्यावर बंधनकारक नाही, हा भेद विद्यार्थ्याला स्वतः दिसतो. ‘रीथिंकिंग पीआयडी १’ हा निबंध त्या प्रात्यक्षिकाच्या आधी नव्हे, नंतर वाचावयास द्यावा.

दारांपैकी एक दार बंद होऊ लागल्याचीही नोंद घ्यावयास हवी. २०२३ मधील २५४ व्या आवृत्तीच्या टिपणात सिस्टमडीने सिस्टम फाइव्हच्या स्क्रिप्टा चालविण्याची सोय पुढे काढून टाकण्यात येईल असे जाहीर केले. तिकडे डेबियनमध्ये एकेका संचाचे पालक आपल्या सेवेची जुनी स्क्रिप्ट गाळत गेले, तेव्हा ती टाकून न देता गोळा करून ठेवणारा एक संच काही स्वयंसेवकांनी उभा केला. त्याचे नाव ‘ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स’, म्हणजे पोरक्या स्क्रिप्टा. पोरक्या प्रक्रियांना क्रमांक १ सांभाळते. पोरक्या झालेल्या स्क्रिप्टांना या मूठभर माणसांनी सांभाळले आहे, आणि डेबियनच्या यंत्रावर जुन्या इनिटकडे परत जाणाऱ्याला आज प्रथम त्यांचेच दार ठोठवावे लागते.